निशादीप्त ढग : एका प्रश्नाचा इतिहास

लंडनमध्ये औषधांचा व्यवसाय करणाऱ्या ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ साली एका छोट्या अभ्यासमंडळापुढे ढगांवर निबंध वाचला. सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही आपल्या भूगोलाच्या पुस्तकातील नावे त्या निबंधातून आली. पुढच्या ऐंशी वर्षांत या यादीत भर पडत गेली, उपप्रकार झाले, वादही झाले. पण एक गोष्ट सर्वांनीच गृहीत धरलेली होती. ढग म्हणजे आपल्या लगतच्या हवेतील घटना. बाष्पयुक्त हवा वर चढते, थंड होते, बाष्पाचे जलकण किंवा हिमकण होतात. आजच्या भाषेत सांगायचे तर हे सारे तपांबरात घडते, आणि तपांबराची उंची विषुववृत्ताजवळदेखील सोळा-अठरा किलोमीटरच्या पलीकडे जात नाही.

१८८५ च्या उन्हाळ्यात या समजुतीला धक्का बसला. सूर्य मावळून दीड-दोन तास झाल्यावर, आकाश काळे पडत असताना, युरोपच्या उत्तर क्षितिजावर चांदीसारखे निळसर पांढरे ढग उजळलेले दिसू लागले. त्यांची उंची मोजली तेव्हा ती ऐंशी किलोमीटरहून अधिक भरली. इतक्या उंचीवर ढग कसा असेल? आणि तो असलाच, तर १८८५ पूर्वी कोणी का पाहिला नव्हता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास सुमारे सव्वाशे वर्षे लागली. दुसऱ्या प्रश्नावर अजूनही चर्चा चालू आहे आणि त्या चर्चेत आज आपण सर्वच गुंतलेलो आहोत. तो इतिहास शिक्षकांनी वर्गात सांगण्यासारखा आहे.

क्राकाटोआनंतरचे आकाश

गोष्टीची सुरुवात ढगांपासून होत नाही, ज्वालामुखीपासून होते. २६ आणि २७ ऑगस्ट १८८३ रोजी जावा आणि सुमात्रा या बेटांमधील सुंदा सामुद्रधुनीत क्राकाटोआचा उद्रेक झाला. छत्तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुतेक समुद्राच्या प्रचंड लाटांत बुडून मेली. उद्रेकातून उडालेली बारीक धूळ आणि वायू स्थितांबरात शिरले आणि काही आठवड्यांतच पृथ्वीभोवती पसरले.

आपल्याकडेही त्याचे परिणाम दिसले. सप्टेंबर १८८३ मध्ये श्रीलंका आणि दक्षिण भारतातील लोकांना सूर्य चक्क हिरवा दिसला. मद्रास येथील प्राध्यापक मिची स्मिथ यांनी त्या हिरव्या सूर्याचा वर्णपट तपासून नोंदी केल्या. पुढे हेच स्मिथ कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. त्या वर्षाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत सायंकाळचे आकाश इतके लालभडक होऊ लागले की काही गावी आग लागल्याच्या समजुतीने बंब बाहेर काढले गेले. लंडनच्या रॉयल सोसायटीने एक समिती नेमून या साऱ्या नोंदी गोळा केल्या आणि १८८८ मध्ये त्यांचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला.

याचा एक अप्रत्यक्ष परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एरवी सूर्यास्तानंतर लोक आकाशाकडे फारसे बघत नाहीत. १८८३ नंतर मात्र अनेक अभ्यासक रोज सायंकाळी संधिप्रकाश न्याहाळू लागले आणि त्याच्या नोंदी ठेवू लागले.

१८८५ चा जून

टॉमस विल्यम बॅकहाउस हे इंग्लंडमधील संडरलंडचे हौशी निरीक्षक. जून १८८५ मध्ये ते जर्मनीतील किसिंगेन या गावी होते. ८ जूनच्या रात्री त्यांना उत्तर क्षितिजावर उजळलेले, तंतुमेघांसारखे ढग दिसले आणि त्यांनी त्याची तपशीलवार नोंद केली. चार दिवसांनी, १२ जून रोजी, मॉस्कोमध्ये विटोल्ड त्सेरास्की या खगोलशास्त्रज्ञाने ते पाहिले. त्सेरास्की ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचे काम करीत, त्यामुळे पहाटेचे आकाश त्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. हा प्रकार नेहमीचा नाही हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. २३ जूनला बर्लिन वेधशाळेतील ओटो येसे यांनीही ते ढग पाहिले. एकाच महिन्यात, एकमेकांना न कळवता, वेगवेगळ्या देशांतील माणसे तीच गोष्ट लिहून ठेवीत होती.

येसे यांनी या ढगांना जे जर्मन नाव दिले त्याचा अर्थ ‘रात्री प्रकाशणारे ढग’ असा होतो. आपल्याकडे त्यांना निशादीप्त ढग किंवा निशादीप्त मेघ म्हणतात. नाव थोडे फसवे आहे. हे ढग स्वतः प्रकाशत नाहीत. आपल्या डोळ्यांपुरता मावळलेला सूर्य त्यांच्या उंचीवरून अजून दिसत असतो, आणि त्याच्या प्रकाशाने ते उजळतात. विमान सायंकाळी उशिरा आकाशात लखलखताना दिसते, तसेच हे.

उंची कशी मोजली?

येथे फळ्यावर एक साधी आकृती काढावी. एक वर्तुळ ही पृथ्वी. तिला स्पर्श करून जाणारी एक रेषा हा सूर्याचा किरण. स्पर्शबिंदूपाशी उभ्या असलेल्या माणसाला सूर्य नेमका क्षितिजावर दिसतो. त्याच्यापासून अंधाराच्या बाजूला काही अंतरावर दुसरा माणूस उभा आहे. त्याच्यासाठी सूर्य क्षितिजाखाली गेला आहे, पण त्याच्या डोक्यावर बऱ्याच उंचीवरून तो किरण जातो. त्या उंचीवर ढग असेल तर तो उजळेल. सूर्य जितका खाली, तितकी ही उंची जास्त.

गणित केले तर एक सोयीचा नियम हाती येतो. सूर्य क्षितिजाखाली जितके अंश गेला असेल, त्या संख्येचा वर्ग करा. साधारण तेवढ्या किलोमीटर उंचीवर, अगदी डोक्यावर, सूर्यप्रकाशाची खालची मर्यादा असते. नेमका गुणक ०.९७ येतो, पण तोंडी हिशेबाला वर्ग पुरे. म्हणजे बारा किलोमीटरवरचा डोक्यावरील तंतुमेघ सूर्य साडेतीन अंश खाली जाईपर्यंत रंगीत राहील, नंतर राखाडी होईल. सूर्य नऊ अंश खाली असतानाही डोक्यावर उजळलेला ढग दिसत असेल, तर तो निदान एक्याऐंशी किलोमीटरवर असला पाहिजे.

संधिप्रकाशाचा असा उपयोग नवा नव्हता. अकराव्या शतकात स्पेनमधील इब्न मुआध या गणितज्ञाने संधिप्रकाश कधी संपतो यावरून वातावरणाच्या उंचीचे गणित मांडले होते. पण या रीतीत एक अडचण आहे. क्षितिजालगतची हवा धूसर असते, किरण तेथे वाकतात आणि अडतातही, त्यामुळे प्रकाशाची मर्यादा काटेकोर ठरवता येत नाही.

म्हणून त्सेरास्की आणि येसे या दोघांनीही दुसरी, अधिक भरवशाची रीत वापरली. हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला तर अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. अंगठा जवळ असेल तर तो जास्त सरकतो, दूर असेल तर कमी. हाच पराशय. दोन डोळ्यांऐवजी काही दहा किलोमीटर अंतरावरची दोन ठिकाणे घ्यायची, भिंतीच्या जागी तारे घ्यायचे, आणि ढगाचा एखादा ठळक भाग एकाच क्षणी दोन्हींकडून कोठे दिसतो ते नोंदवायचे. त्सेरास्की यांनी १८८५ मध्येच आपले सहकारी बेलोपोल्स्की यांच्याबरोबर ही मोजणी केली आणि ऐंशी किलोमीटरच्या जवळपासची उंची काढली.

येसे यांनी हे काम छायाचित्रांवर नेले. छायाचित्रणाच्या कोरड्या काचा तेव्हा नुकत्या सर्वत्र मिळू लागल्या होत्या. १८८७ मध्ये त्यांनी निशादीप्त ढगांचे पहिले छायाचित्र घेतले. १८८९ पासून बर्लिनलगतचे श्टेग्लिट्झ, तसेच नाउएन, राथेनो अशा ठिकाणी कॅमेरे बसवून ठरलेल्या क्षणी एकाच वेळी छायाचित्रे घेतली जाऊ लागली. उन्हाळ्यातील मध्यरात्री बर्लिनच्या उत्तर क्षितिजाजवळ ब्रह्महृदय हा तेजस्वी तारा असतो. अशा ताऱ्यांच्या आधारे ढगाचे स्थान मोजता येते. अनेक रात्रींच्या छायाचित्रांवरून येसे यांनी सरासरी उंची काढली, ती सुमारे ८२ किलोमीटर. आज लेसर किरण सोडून किंवा उपग्रहावरून मोजलेली उंचीही ८२-८३ किलोमीटरच येते. काचेच्या पट्ट्या, घड्याळे आणि लॉगॅरिथमचे कोष्टक एवढ्या साधनांवर झालेले हे मोजमाप आहे!

या कामाला माणसे लागत होती. बर्लिन वेधशाळेचे संचालक विल्हेल्म फ्योर्स्टर यांनी येसे यांना पाठबळ दिले. सामान्य लोकांना विज्ञान पाहता यावे म्हणून १८८८ मध्ये बर्लिनमध्ये ‘युरेनिया’ ही संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत फ्योर्स्टर होते. १८९१ मध्ये त्यांनी हौशी निरीक्षकांची एक संघटना उभी केली, आणि निशादीप्त ढगांच्या नोंदी करणे हा तिच्या कामाचा एक भाग होता.

पण हे ढग लवकरच नाहीसे होतील, असे येसे यांना वाटत होते. क्राकाटोआने वर फेकलेल्या पदार्थांपासून ते बनले असतील, तर तो साठा संपला की ढगही संपणार. म्हणून त्यांना घाई होती. त्या शतकाच्या शेवटच्या दशकात ढगांच्या नोंदी खरोखरच विरळ झाल्या. १९०१ मध्ये येसे वारले. ढग मात्र संपले नाहीत. विसाव्या शतकात ते पुन्हा पुन्हा दिसत राहिले.

धूळ की बर्फ?

ढग कशाचे बनलेले आहेत? पहिला संशय अर्थातच ज्वालामुखीच्या धुळीवर होता. पण १८८३ ची धूळ दहा-वीस वर्षे ८२ किलोमीटरवर तरंगत राहणे शक्य नव्हते. तेथील हवा जमिनीवरच्या हवेच्या सुमारे एक लक्षांश इतकी विरळ आहे, आणि तेवढ्या विरळ हवेत कण लवकर खाली येतात.

३० जून १९०८ रोजी सायबेरियात तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर आकाशातून आलेल्या एका पिंडाचा स्फोट झाला. त्यानंतरच्या रात्री युरोपभर आकाश विलक्षण उजळ होते आणि निशादीप्त ढगही मोठ्या प्रमाणावर दिसले. तुंगुस्काच्या जागेचा शोध घेणाऱ्या लिओनिद कुलिक यांनी १९२६ मध्ये असे सुचविले की, हे ढग उल्कांच्या धुळीचे असावेत. रोज पृथ्वीवर येणाऱ्या असंख्य बारीक उल्का साधारण त्याच उंचीच्या वरखाली जळून जातात, त्यामुळे ही कल्पना वावगी नव्हती.

तिसरी कल्पना आल्फ्रेड वेगेनर यांची. खंडवहनाच्या सिद्धांतामुळे हे नाव भूगोलाच्या शिक्षकांच्या ओळखीचे आहे. वेगेनर यांचा मूळ पेशा हवामानशास्त्रज्ञाचा. हे ढगदेखील इतर उंच ढगांप्रमाणे बर्फाचेच असावेत, असे त्यांनी १९१२ च्या सुमारास सुचविले. पण ८२ किलोमीटरवर पाण्याची वाफ दहा लाखांत जेमतेम काही रेणू इतकीच असते. सहाराच्या वाळवंटातील हवाही तिच्यापुढे दमट म्हणावी लागेल. इतक्या थोड्या वाफेचे बर्फ व्हायला तापमान उणे १२० अंश सेल्सियसच्याही खाली जायला हवे. पृथ्वीवर एवढी थंडी कोठे असते?

उन्हाळ्यातील थंडी

याचे उत्तर अग्निबाणांनी दिले. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून पाळले गेले. त्या सुमारास कॅनडातील फोर्ट चर्चिल येथून सोडलेल्या अग्निबाणांतून ठरावीक उंचीवर छोटे स्फोट घडवून आणीत. त्यांचा आवाज जमिनीवर किती वेळात पोहोचतो यावरून हवेतील ध्वनीचा वेग आणि वेगावरून तापमान काढीत. निष्कर्ष चमत्कारिक होता. मध्यांबराच्या माथ्यावर, म्हणजे मध्यस्तब्धीपाशी, ध्रुवाकडील प्रदेशात हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त थंडी असते. पुढील मोजमापांत उन्हाळ्यातील तापमान उणे १३० ते उणे १४० अंशांपर्यंत उतरलेले आढळले. पृथ्वीच्या वातावरणातील ही सर्वांत थंड जागा, आणि तीही चोवीस तास सूर्य असलेल्या उन्हाळ्यात!

विद्यार्थी येथे हमखास शंका काढतील, आणि काढायलाच हवी. सूर्यप्रकाश असताना थंडी का? याचे कारण हवेच्या हालचालीत आहे. पर्वतांवरून वाहणारे वारे आणि खालची वादळे हवेत लहरी उठवतात. त्या लहरी वर जाताना हवा विरळ होत जाते, तसतशा त्या मोठ्या होतात आणि अखेर समुद्राच्या लाटांसारख्या फुटतात. त्यांच्या धक्क्यामुळे मध्यांबराच्या माथ्यावरची हवा उन्हाळ्याच्या ध्रुवाकडून हिवाळ्याच्या ध्रुवाकडे वाहू लागते. मग उन्हाळ्याच्या ध्रुवावर ती जागा भरून काढण्यासाठी खालची हवा वर चढते. वर चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. सायकलच्या ट्यूबमधून जोराने बाहेर येणारी हवा हाताला गार लागते, त्यातले तत्त्व हेच. चढत्या हवेबरोबर थोडीशी वाफही वर येते. थंडी आणि वाफ या दोन्ही गोष्टी उन्हाळ्यातच जमून येतात. म्हणून हे ढग उत्तर गोलार्धात मेअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आणि दक्षिण गोलार्धात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दिसतात.

ऑगस्ट १९६२ मध्ये स्वीडनमधील क्रोनोगोर्ड येथून अग्निबाण सोडून या ढगांतील कण पकडण्याचा प्रयत्न झाला. पकडलेल्या कणांभोवती बर्फाचे आवरण असावे, असे सुचविणाऱ्या खुणा मिळाल्या, पण सर्वांचे समाधान होईल असा पुरावा तो नव्हता. १९६९ मध्ये एका अमेरिकी उपग्रहाला ध्रुव प्रदेशावर या ढगांचा मोठा थर असल्याचे आढळले. म्हणजे युरोपातून इतकी वर्षे जे दिसत होते, ती त्या थराची फक्त कड होती. शेवटी एका उपग्रहावरील उपकरणाने ढगांतून येणाऱ्या सूर्यप्रकाशाचे अवरक्त किरण तपासले, आणि कण मुख्यतः पाण्याच्या बर्फाचेच आहेत हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सिद्ध झाले. वेगेनर यांचे म्हणणे सुमारे नव्वद वर्षांनी खरे ठरले.

कुलिक हेही अगदी चुकले नव्हते. २५ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेने केवळ या ढगांच्या अभ्यासासाठी ‘एम’ नावाचा उपग्रह सोडला. २०२३ च्या मार्चपर्यंत त्याने काम केले. त्याच्या निरीक्षणांवरून या बर्फकणांत उल्कांच्या अतिसूक्ष्म धुरकट कणांचा थोडा अंश असल्याचे दिसून आले. वाफेला गोठायला आधार लागतो, आणि तो बहुधा या उल्काकणांचा मिळतो. बर्फकण मात्र फार बारीक असतात. एका मिलिमीटरच्या लांबीत असे दहा हजारांहून अधिक कण ओळीने बसतील.

आपल्याला ते का दिसत नाहीत?

याची दोन कारणे आहेत. आपल्या अक्षांशांवर मध्यस्तब्धीची हवा बर्फ होण्याइतकी थंड होत नाही, हे पहिले. तिरुपतीजवळच्या गादंकी येथील रडारसारख्या साधनांनी आपल्याकडील मध्यांबराचा अभ्यास होतो, पण तेथे असे ढग नाहीत.

दुसरे कारण सूर्याच्या वाटेचे. २१ जूनच्या मध्यरात्री सूर्य क्षितिजाखाली किती असतो हे काढण्यासाठी ९० मधून त्या गावाचा अक्षांश आणि साडेतेवीस वजा करायचे. बर्लिनचा अक्षांश साडेबावन्न, म्हणून उत्तर १४ अंश. मॉस्कोसाठी ते ११ अंशांच्या आत येते. या गावी उन्हाळ्याची सारी रात्र संधिप्रकाशातच जाते, आणि हे ढग दिसण्यासाठी सूर्य ६ ते १६ अंश खाली असावा लागतो. पुण्याला तेच उत्तर ४८ अंश येते. आपला सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि सूर्यास्तानंतर सुमारे चाळीस मिनिटांत नऊ अंशांची मर्यादा ओलांडतो. ८२ किलोमीटरवरचा ढग जमिनीवरून फार तर हजार किलोमीटर अंतरावरून क्षितिजावर दिसू शकतो. त्यामुळे उत्तरेकडचे ढग लांबून दिसण्याची सोयही आपल्याला नाही.

आधी होते का?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. १८८५ पूर्वी हे ढग होते आणि कोणी लक्ष दिले नाही, की ते नव्हतेच?

पहिली बाजू अशी. क्राकाटोआमुळे लोक संधिप्रकाश पाहू लागले, म्हणून ढग सापडले. आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेचे संचालक रॉबिन्सन यांच्या मे १८५० मधील टिपणांत ध्रुवीय प्रकाशाहून वेगळ्या अशा उजळ ढगांचा उल्लेख आहे. ते निशादीप्त ढग असू शकतील. पण मेचा आरंभ हा या ढगांच्या हंगामाच्या मानाने फार लवकरचा आहे, त्यामुळे शंकेला जागा राहते.

दुसरी बाजूही वजनदार आहे. उत्तर युरोपात धूमकेतू आणि ध्रुवीय प्रकाश यांसाठी आकाश पाहणारे लोक शे-दोनशे वर्षे तरी होते. ठळक निशादीप्त ढग इतका डोळ्यांत भरणारा असतो की सराईत निरीक्षकाच्या नजरेतून तो सुटणे अवघड. शिवाय १८८३ च्या हिवाळ्यापासून सर्वजण आकाश पाहत होते, तरी १८८४ च्या उन्हाळ्यातील या ढगांची खात्रीची नोंद नाही. नुसते लक्ष जाण्याचाच प्रश्न असता, तर ते १८८४ मध्येच सापडायला हवे होते. यातून एक तर्क निघाला. क्राकाटोआने धुळीबरोबर पाण्याची वाफही वर फेकली असणार. ती मध्यांबराच्या माथ्यापर्यंत चढायला सुमारे दोन वर्षे लागली असतील, आणि म्हणून १८८५ मध्ये हे ढग एकदम ठळक झाले असतील.

पण ज्वालामुखीची वाफ काही वर्षांत विरून जाते. त्यानंतरही ढग का येत राहिले? १९८९ मध्ये गॅरी टॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर मिथेन वायूत शोधले. मिथेन पाण्यासारखा वाटेत गोठून खाली पडत नाही, त्यामुळे तो स्थितांबरात चढू शकतो. वर गेल्यावर त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि प्रत्येक रेणूपासून शेवटी पाण्याचे दोन रेणू तयार होतात. म्हणजे मिथेन हा वरच्या कोरड्या वातावरणात पाणी पोहोचवणारा हमालच. औद्योगिक युगापूर्वी हवेत दहा लाख भागांत सुमारे ०.७ भाग मिथेन होता. आज तो १.९ भागांहून अधिक आहे. भातखाचरे, गुरेढोरे, कोळशाच्या खाणी, नैसर्गिक वायूच्या गळत्या आणि शहरांचे उकिरडे हे त्याचे मार्ग.

२०१८ मध्ये जर्मनीतील फ्रान्झ-योसेफ ल्युब्केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७१ पासून २००८ पर्यंतचे मध्यांबर संगणकावर उभे करून पाहिले. मिथेनमुळे ढगांच्या उंचीवरील वाफ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे ४० टक्क्यांनी वाढली आणि तेथे तयार होणारे बर्फ दुपटीहून अधिक झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांच्या हिशेबाप्रमाणे एकोणिसाव्या शतकातील माणसाला ठळक निशादीप्त ढग काही दशकांतून एकदा दिसला असता. आज योग्य अक्षांशावरील माणसाला तो दर हंगामात निदान एकदा दिसू शकतो. कार्बन डायऑक्साइडमुळे मध्यांबर थंड होते हे खरे, पण त्या थंडीने कण लहान राहतात आणि ढग उलट फिकट होतात, असेही त्यांना आढळले.

तेव्हा आजचे चित्र साधारण असे आहे. ढग बहुधा पूर्वीही असावेत, पण फिकट आणि क्वचित. १८८५ मध्ये क्राकाटोआने त्यांना उजळवले, आणि पुढे माणसाने त्यांना उजळ ठेवले. यातील शेवटचा भाग बराचसा गणितावर उभा आहे, कारण शंभर वर्षांपूर्वीच्या मध्यांबरातील वाफ कोणी मोजलेली नाही. आकाशातील माणसाची थेट खूण मात्र एका बाबतीत पाहायला मिळाली. अवकाशयानांच्या मुख्य इंजिनांतून हायड्रोजन जळून पाण्याचीच वाफ बाहेर पडते. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उड्डाण करून गेले. परतताना ज्याचा नाश झाला आणि ज्यात कल्पना चावला होत्या, तेच हे यान. त्याने सोडलेली वाफ काही दिवसांतच अंटार्क्टिकावर पोहोचली आणि तेथील निशादीप्त ढगांत तिने भर घातली, असे उपग्रहांच्या निरीक्षणांवरून दिसले.

१५ जानेवारी २०२२ रोजी पॅसिफिक महासागरातील हुंगा टोंगा ज्वालामुखीचा पाण्याखालून उद्रेक झाला. त्याने सुमारे १४ कोटी ६० लाख टन वाफ स्थितांबरात फेकली. तेथे मुळात असलेल्या वाफेच्या सुमारे दहा टक्के एवढी ही भर होती. ती वाफ हळूहळू वर सरकली. क्राकाटोआच्या वेळी जे घडले असावे असा तर्क होता, त्याची पडताळणी करण्याची संधी यामुळे उपग्रहांसह मिळाली.

शाळेतून काय करता येईल?

निशादीप्त ढग आपल्या शाळांतून दिसणार नाहीत. पण त्यांचा शोध ज्या रीतीने लागला ती रीत वापरता येते. थंडीच्या दिवसांत, निरभ्र आकाशात थोडे तंतुमेघ असतील अशा सायंकाळी, डोक्यावरच्या ढगाचा शेवटचा रंग किती वाजता गेला ते विद्यार्थ्यांना नोंदवायला सांगावे. पंचांगातून सूर्यास्ताची वेळ घ्यावी. आपल्याकडे सूर्य तासाला सुमारे तेरा अंश खाली जातो, त्यावरून अंश काढावेत आणि त्यांचा वर्ग करावा. उत्तर दहा-बारा किलोमीटरच्या आसपास यावे. ते आठ आले किंवा पंधरा आले, तर का, याची चर्चा करावी. दोन शाळांनी मिळून एकाच क्षणी छायाचित्रे घेतली, तर येसे यांचा प्रयोगही करता येईल.

वहीत वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनचे अंश लिहिलेले असावेत, एवढी एक अट पाळावी. ढग दिसला नाही, तर ‘पाहिले, दिसला नाही’ हेही लिहावे. १८८४ च्या उन्हाळ्यात कोणी रोज रात्री आपल्या वहीत असे तीन शब्द लिहून ठेवले असते, तर आपला दुसरा प्रश्न आज बराच सोपा झाला असता.